बातमाकानच्या हृदयाचं दार

आमच्या खोऱ्यातला वारा इतका दांडगा, की एका वसंतात माझी दाढी उडाली आणि पलीकडच्या गावातल्या एका गुळगुळीत माणसाच्या हनुवटीला जाऊन चिकटली. तो पुढे तिथला पंच झाला. अजून बाजारात भेटला की मी त्याला म्हणतो, "नीट विंचरत जा रे बाबा, वस्तू माझी आहे." लोक म्हणतात, ओरोझाली थापा मारतो. मारतो. पण माझ्या बायकोच्या हृदयाची जी गोष्ट आहे तीत मी एकच थाप घातली आहे, आणि ती कुठली ते तुम्ही शोधा.

बातमाकान माझी म्हातारी. सेहेचाळीस वर्षं आम्ही एकमेकांना 'म्हाताऱ्या' आणि 'म्हातारे' म्हणत आलोय. सुरुवात केली तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि ती एकोणीस. लोकरीच्या गालिच्यावर शिंगाची नक्षी भरण्यात तिच्यासारखा हात दुसरा नव्हता. पदराला सुई कायम टोचलेली. पण त्या वर्षी बर्फ वितळेपर्यंत तिची अशी गत झाली, की विहिरीवरून अर्धी बादली आणताना चार वेळा बसायची. धाप अशी लागायची, की लांबचं कुत्रं ट्रक आला समजून भुंकायला लागायचं. झोपायची तीन उशा लावून, बसल्यासारखी. पाय सुजलेले. ओठ जांभळे.

"म्हातारपण आहे," मी म्हणायचो.

"मग तुला का नाही झालं? तू माझ्याहून तीन वर्षांनी मोठा आहेस ना, मेल्या!"

गावातलीच पोर चोल्पोन, राजधानीत हृदयाची डॉक्टर झाली होती. मे महिन्यात ती आईला भेटायला आली, आणि येताना पाठीवरच्या पिशवीत एक छोटं यंत्र घेऊन आली. त्याला टीव्हीसारखा पडदा होता. आमच्या घरात, पडदे ओढून तिने बातमाकानच्या छातीला थंडगार चीक लावला, वर एक दांडी टेकवली, आणि पडद्यावर काहीतरी करडं करडं हलायला लागलं.

"हे काय गं? पोटुशी तर नाही ना?" मी विचारलं.

"बाहेर बसा, आता," चोल्पोन म्हणाली. आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला 'आता' म्हणतात, बाईला 'आपा', आणि वडीलधाऱ्याला कोणी घराबाहेर घालवत नाही. त्यामुळे मला बाहेर जावं लागलं नाही, नुसतं गप्प बसावं लागलं.

मग तिने बोट ठेवून दाखवलं. "आपा, हृदयाला चार खोल्या असतात. दोन वर, दोन खाली. उजवीकडच्या दोघींकडे अंगभर फिरून दमलेलं रक्त येतं, त्या ते फुप्फुसाकडे धाडतात. तिथे ते हवा पिऊन ताजं होतं आणि डावीकडच्या वरच्या खोलीत येतं. तिथून खाली उतरतं. डावी खालची खोली सगळ्यांत दणकट. तीच त्याला डोक्यापासून टाचेपर्यंत ढकलते. खोल्यांना दारं आहेत. एकाच बाजूला उघडणारी. रक्त पुढे जाईल, मागे येणार नाही."

"माझं कुठलं दार बिघडलंय?"

चोल्पोनने मान वर केली. आतापर्यंत किती रोग्यांनी तिला इतकं सरळ विचारलं असेल, कोण जाणे. "डावीकडचं. वरच्या आणि खालच्या खोलीमधलं. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता ना तुम्हाला?"

"नऊ वर्षांची होते. सगळा उन्हाळा अंथरुणात."

"त्या तापाने दाराच्या झडपा जाड झाल्या, कडेने एकमेकींना चिकटल्या. आता मटारच्या दाण्याएवढी फट उरलीय. रक्त वर तुंबतं, फुप्फुसात मागे साचतं. म्हणून धाप. ठोकेही वेडेवाकडे पडतायत." तिने यंत्र पुसलं. "दार बदलावं लागेल. छाती उघडून. या महिन्यातच. पुढच्या हिवाळ्याची खात्री मी देत नाही."

"आणि उन्हाळ्यात मेंढरांबरोबर वरच्या कुरणावर?"

"तीन हजार मीटरवर? या दारानं? आपा, वरून खाली तुम्हाला गालिच्यात गुंडाळून आणतील."

बातमाकानने पदराची सुई काढली आणि परत टोचली. मग तिने विचारलं, "नवं दार कशाचं?"

"डुकराच्या हृदयाचं मिळतं, वासराच्या हृदयाभोवतीच्या पिशवीतून शिवलेलं मिळतं, नाहीतर माणसाने घडवलेलं, एका फार कठीण कोळशाचं. दोन काळ्या पाकळ्या, पोलादी नाण्यासारख्या. पण कोळशाचं बसवलं तर रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर. ठोके बिघडलेत म्हणून ती तर तुम्हाला तशीही घ्यावीच लागणार."

बस. इथपर्यंत सगळं ठीक होतं. चूक माझी. मी हे सगळं जाऊन माझ्या थोरल्या भावाला, केरिमकुलदादाला सांगितलं.

केरिमकुलदादा आमच्या कुळाचा मोठा. त्याच्या शब्दावाचून आमच्यात लग्न लागत नाही, मयत उठत नाही, आणि घोडासुद्धा शिंकत नाही. बारा वर्षांपूर्वी त्याच्या बायकोला पोटाच्या दुखण्यासाठी शहरात नेलं होतं, आणि ती परत आली ती ट्रकच्या फळीवर. तेव्हापासून इस्पितळ म्हटलं की तो थुंकतो. त्याने ऐकून घेतलं आणि मेंढा कापायचा हुकूम दिला. आमच्याकडे मोठी गोष्ट ठरवायची तर मेंढा कापतात. मांस शिजेपर्यंत बोलायचं आणि शिजलं की निकाल द्यायचा. मांसाचा प्रत्येक तुकडा माणसाच्या मानाप्रमाणे वाटतात. कुल्ल्याचं हाड थोरल्याला, मांडीचं त्याच्या खालच्याला, शेपटीची चरबी वयस्क बायकांना. चुकीचा तुकडा चुकीच्या ताटात गेला तर दोन घरं तीन पिढ्या बोलत नाहीत. मी स्वतः अशा एका बरगडीपायी अकरा वर्षं चुलत्याच्या दारावरून मान वळवून गेलोय.

तर आम्ही सात म्हातारे दादाच्या घरात बसलो. पुढ्यात चहा, कणकेचे तळलेले बोरसोक, लोणी. बायका अंगणात मेंढ्याचं पोट-आतडं धूत होत्या. दार उघडंच होतं. बातमाकानही तिथेच बाकावर बसली होती, कारण आजारी बाई म्हणून घरी बसायला ती तयार नव्हती. चोल्पोन तिच्या शेजारी.

आणि आमच्या म्हाताऱ्यांनी काय केलं असेल? ते दार म्हणजे मांसाचा तुकडाच समजले आणि वाटायला बसले.

"डुकराचं नाव काढायचं नाही," अब्दीलास म्हणाला. तो माझा चुलतभाऊ. दात दोन, मतं दोनशे.

"वासराचं चालेल," दुसरा म्हणाला. "पण वासरू कापलं कोणी? बिस्मिल्ला म्हटलं होतं का? कागद आहे का?"

"वासरू लहान जनावर. पासष्ट वर्षांच्या बाईला वासराचं? लोक म्हणतील, या कुळात म्हाताऱ्या बाईचा मान नाही."

"मग घोड्याचं मागा!"

"घोड्याचं बाईला? मग थोरल्याला काय द्याल, हत्तीचं?"

"डॉक्टरीणबाई," अब्दीलास दारातून ओरडला, "घोड्याचं मिळतं का?"

"आमच्या इस्पितळात नाही," चोल्पोन म्हणाली.

"बघा! घोडा नाही. कसलं इस्पितळ ते."

मी हसलो. खोटं कशाला बोलू, मी हसलो. माझ्या बायकोचा जीव त्या पातेल्यात शिजत होता आणि मी अब्दीलासच्या दातांना हसत होतो. घाबरलेला माणूस असाच हसतो.

केरिमकुलदादाने हात वर केला.

"जनावर कुठलं हा प्रश्नच नाही," तो म्हणाला. "हृदय उघडायचंच नाही. हात कापा, पाय कापा, माणूस उरतो. हृदय हा एक भरीव गोळा आहे. त्यात माणसाची हिंमत असते, लाज असते, आईबापांची ओळख असते. त्याला चीर दिली की हे सगळं सांडतं. मग घरी जे परत येतं ते चालतं-बोलतं असलं तरी आपलं नसतं. मी सत्तर वर्षं हृदय खातोय. त्यात खोल्या नाहीत, दारं नाहीत. या पोरीने यंत्रात चित्र दाखवलं, आणि ओरोझालीसारखा थापाड्या भुलला. ती जाणार नाही. माझी गाडी मिळणार नाही. आणि तिला जो नेईल त्याला माझ्या घरात बसायला जागा नाही."

सातांपैकी सहा माना हलल्या. सातवी माझी. ती हलली नाही, पण ताठही राहिली नाही. कुठेतरी मध्ये लोंबत राहिली.

तेवढ्यात दारात धाप ऐकू आली.

बातमाकान आत आली. दोन्ही हातांत जर्मनची परात, परातीत मेंढ्याचं हृदय. कच्चं, नुकतं छातीतून काढलेलं. मागे चोल्पोन पाण्याची किटली घेऊन. ज्या खोलीत म्हातारे निकाल देतात तिथे आमच्या बायका येत नाहीत. ती आली आणि चहाच्या कापडावर, बोरसोक बाजूला सारून, परात ठेवली. मग आधी बसली. श्वास मिळेपर्यंत बसूनच राहिली. सात म्हातारे तिच्या श्वासाची वाट बघत होते.

"थोरले," ती म्हणाली, "सत्तर वर्षं खाताय. कसं खाताय? शिजलेलं, कापलेलं. आमच्या हातून ताटात येतं तेव्हा त्याच्या फोडी असतात. फोडीत तुम्हाला खोली कुठून दिसणार? तंबू गुंडाळून उंटावर टाकला की त्यातही भरीव लोकरच दिसते."

"बाई, ऊठ," अब्दीलास म्हणाला.

"तू गप रे. मेंढ्याच्या पोटाची पिशवी हातात दिली की तोंड फिरवतोस. आतडी कोण धुतं? आम्ही. हृदयातल्या गुठळ्या बोट घालून कोण काढतं? आम्ही. माझ्या सासूने मला शिकवलं, चार ठिकाणी बोट घाल, नाहीतर रस्सा काळा होईल. चार ठिकाणी! सेहेचाळीस वर्षं मी या खोल्या झाडतेय, आणि तुम्ही मला सांगताय, खोल्या नाहीत."

तिने कमरेची छोटी सुरी काढली. हृदयाची वरची डावी खोली अशी कापली, जसं उकडलेल्या अंड्याचं टोक काढावं. आत पांढरी, ओली, रेशमासारखी झडप दिसली. दोन पाकळ्या. खालून बारीक दोऱ्यांनी ताणलेल्या.

"या दोऱ्या बघा. तंबूचं छत वाऱ्यात उलटू नये म्हणून आपण दोर खाली ओढून बांधतो की नाही? तेच. पाणी घाल, पोरी."

चोल्पोनने किटली वाकडी केली. पाणी पाकळ्यांमधून गुपचूप खाली उतरलं. खालची खोली भरली, हृदय टच्च फुगलं.

"आता हे बघा." बातमाकानने खालची खोली मुठीत धरून दाबली.

पाकळ्या फुगून फट्कन एकमेकींना भिडल्या. वर एक थेंब आला नाही. आणि बाजूच्या जाड नळीतून पाण्याची अशी पिचकारी उडाली, की समोर बसलेल्या केरिमकुलदादाची उंच पांढरी टोपी डोक्यावरून उडून खुंटीला जाऊन अडकली.

कोणी हसलं नाही. मीसुद्धा नाही.

"हे चांगलं दार," ती म्हणाली. "आता माझं."

पदराची सुई काढली. दोरा ओवलेलाच होता, लाल. तिने त्या दोन पाकळ्यांच्या कडा एकमेकींना शिवायला घेतल्या. बारीक टाके. मी तिला शेकडो गालिचे शिवताना पाहिलंय; हेही तसेच, एका मापाचे. या कडेने चार टाके, त्या कडेने चार. मध्ये मटारएवढी फट. दात लावून दोरा तोडला.

"घाल."

पाणी वरच तुंबलं. काठापर्यंत आलं, परातीत सांडायला लागलं. फटीतून खाली थेंब, थेंब. तिने खालची खोली दाबली. नळीतून पाण्याचा एक ओशाळा बुडबुडा आला आणि फुटला.

"मी ही आहे," बातमाकान म्हणाली. "हे वर सांडतंय ना, ते माझ्या फुप्फुसात सांडतंय. रोज. आत्ता, तुम्ही घोड्याचं की वासराचं करत बसलात तेव्हासुद्धा. म्हणता, हृदय उघडलं की हिंमत सांडेल? ते बंद होत चाललंय म्हणून मी मरतेय!"

 केरिमकुलदादा परातीकडे बघत होता. त्याच्या कपाळावरून पाणी ओघळत होतं, त्याने पुसलं नाही.

"माझी बायको अशीच गेली," तो हळूच म्हणाला. "बरी होऊन येते म्हणून गेली."

"माहीत आहे. तिला मीच न्हाऊ घातलं." तिचा आवाज खाली आला. "तिथे जाऊन मी मरेनही. ही पोर म्हणते, शंभरातल्या पाचजणी मरतात. पण इथे बसले तर शंभरातल्या शंभर. इतका हिशेब मेंढीलाही कळतो."

"मी नाही म्हटलंय," तो म्हणाला. शब्द दिला की परत घेता येत नाही. मोठेपणाचं ओझं असंच असतं. "कुळासमोर म्हटलंय."

आता, आमच्याकडे सून नवऱ्याच्या थोरल्या भावाचं नाव घेत नाही. मेली तरी घेत नाही. सेहेचाळीस वर्षांत बातमाकानने ते नाव कधी उच्चारलं नव्हतं. त्या नावाचा एक शेजारी होता, त्यालाही ती 'कुंपणापलीकडचा' म्हणायची.

ती उठली. भिंतीला हात टेकून, पण उठली.

"केरिमकुल," ती म्हणाली.

अब्दीलासच्या हातातली चहाची वाटी पडली.

"केरिमकुल, तुम्ही या घराला काय द्यायचं ते वाटा. हाड वाटा, कुरण वाटा, सुना वाटा. हे माझ्या छातीतलं आहे. ते वाटायला तुम्हाला कोणी बसवलं नाही. आणि डुक्कर नको, वासरू नको, घोडा तर मुळीच नको. मी कोळशाचं दार घेणार. कोळशाला मानाचा तुकडा नसतो. त्यावर पंचायत भरत नाही."

मग माझ्याकडे वळली. "म्हाताऱ्या, येतोस, की इथे बसून ही पण एक थाप करून सांगणार आहेस?"

मला सगळे म्हातारे दिसत होते. दादा दिसत होता, ज्याच्या खांद्यावर बसून मी नदी ओलांडायला शिकलो. मी आयुष्यात त्याला एकदाही नाही म्हटलं नव्हतं. खोटं बोललो होतो, पण नाही म्हटलं नव्हतं. खोटं बोलायला मी शिकलोच मुळी त्याला नाही म्हणावं लागू नये म्हणून.

माझे गुडघे उठले. मी त्यांच्या मागून उठलो.

"दादा," मी म्हणालो, "मी नेतो हिला."

"गाडी नाही मिळणार."

"घोडा माझा आहे."

मांस शिजलं होतं, पण आम्ही थांबलो नाही. तिला घोड्यावर बसवलं, लगाम मी धरला, मागून चोल्पोन आपली यंत्राची पिशवी घेऊन. हमरस्त्यापर्यंत चौदा किलोमीटर. दर शंभर पावलांना थांबायचं. बातमाकान घोड्याच्या मानेवर आडवी होऊन श्वास घ्यायची आणि मधूनच म्हणायची, "नीट चाल ना. नको तिथे वळतोयस." घोडा की मी, ते तिने सांगितलं नाही. हमरस्त्यावर दुधाच्या गाडीने आम्हाला घेतलं.

राजधानीत तिसऱ्या आठवड्यात तिची छाती उघडली. चोल्पोन आत होती, पण सुरी दुसऱ्याच, मोठ्या डॉक्टरच्या हातात होती. मला बाहेर बाकावर बसवलं. हृदय हलत असताना त्यावर शिवणकाम होत नाही, म्हणून ते थांबवतात; तेवढा वेळ एक यंत्र तिचं रक्त बाहेर घेऊन, हवा पाजून, परत आत सोडतं. एक तास आणि पन्नास मिनिटं माझ्या बायकोचं हृदय बंद होतं. दादा म्हणाला होता ते त्या बाकावर मला सारखं आठवत होतं: परत येईल ते आपलं नसेल. मी तिथल्या पाच अनोळखी माणसांना माझ्या दाढीची गोष्ट सांगितली. शेवटी एकजण उठून दुसऱ्या बाकावर गेला.

दुसऱ्या दिवशी तिच्या घशातली नळी काढली. मी पलंगाशी वाकलो. तिने डोळे उघडले, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि कुजबुजली, "सदरा कोणाचा घातलायस हा? उलटा आहे."

काही सांडलं नव्हतं. पुरती बातमाकान होती.

तिच्या छातीतून बारीक आवाज येत होता. टिक, टिक, टिक. कोळशाच्या दोन पाकळ्या. मी कान लावून ऐकला, तशी तिने माझं डोकं ढकललं. "घड्याळ नाहीये ते. ऊठ."

केरिमकुलदादाने शब्द पाळला. तो वर्षभर आमच्याकडे आला नाही, आम्ही त्याच्याकडे गेलो नाही. बातमाकानने ते मनाला लावून घेतलं नाही, असं मी म्हणणार नाही. सणाच्या दिवशी ती त्याच्या घराकडे तोंड करून बसायची. पण माफी मागितली नाही. "नाव घेतलं," ती म्हणायची, "पुन्हा घ्यायची वेळ आली तर पुन्हा घेईन." रोज एक गोळी आणि महिन्यातून एकदा बोटातलं रक्त तपासायला तालुक्याला.

पुढच्या जूनमध्ये मेंढरं वर निघाली. चोल्पोनने तपासून, कान लावून, भांडून, शेवटी परवानगी दिली होती: हळू जा, आणि पडू नका. मी घोड्यावर खोगीर घातलं.

"घोडा कशाला?" बातमाकान म्हणाली.

"तुला."

"मी चालत जाणार."

खिंडीची वाट अशी उभी, की तिथे शेळ्यासुद्धा आधी नमाज पढतात. ती काठी घेऊन पुढे, मी लगाम धरून मागे. पहिल्या वळणावर मी म्हणालो, "बस जरा." ती बसली नाही. दुसऱ्या वळणावर केरिमकुलदादा त्याच्या मेंढरांबरोबर कडेला उभा होता, त्यांना वाट देत. आम्हाला बघून त्याने तोंड वळवलं नाही. पण बोललाही नाही. तो तिची छाती वरखाली होते का ते बघत होता. ओठांचा रंग बघत होता. आपल्या आजारी बायकोला त्याने कुरणावरून याच वाटेने खाली नेलं होतं.

बातमाकान त्याच्याजवळ पोचली आणि थांबली. दम लागला म्हणून नाही. तिने मान जराशी खाली केली, सुनेने करावी तेवढी, तिळभरही जास्त नाही. तो तसाच उभा राहिला. वाऱ्याने त्या दोघांमधला आवाज माझ्यापर्यंत आणला: टिक, टिक, टिक.

मग ती पुढे निघाली. न थांबता, खिंडीच्या माथ्यापर्यंत. मी दोनदा घोड्याला टेकलो, एकदा दगडावर बसलो, आणि वर पोचलो तेव्हा माझ्याच छातीत कोणीतरी ताशा बडवत होतं. ती कंबरेवर हात ठेवून उभी होती, तोंडावर वारा घेत, गाल लाल.

"काय रे," ती म्हणाली, "तुझंही उघडून बघायला सांगू का पोरीला?"

आणि उत्तराची वाट न बघता, पलीकडच्या कुरणाकडे उतरायला लागली.